तुम्ही विचारलंत म्हणून: विठ्ठलाच्या प्लेटवर रेघा का मारल्या?

"रवी वर्मांच्या छापखान्यानं लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचवल्या, आणि तुम्ही विठ्ठलाच्या बारा प्रती काढून प्लेटच रद्द केलीत?" हे कोणी ना कोणी विचारतंच. हसत हसत.

आधी तांत्रिक उत्तर उरकतो. १८९४ मध्ये घाटकोपरला सुरू झालेला आणि पुढे मळवलीला गेलेला तो छापखाना शिळाछापाचा. रंगागणिक वेगळा दगड. माझं एचिंग, म्हणजे जस्ताच्या (झिंकच्या) प्लेटवर आम्लानं कोरलेलं चित्र. दर प्रतीला प्लेटमध्ये शाई भरा, मलमलीनं पुसा, ओला कागद ठेवून प्रेसमधून काढा. दिवसाला चार निघाल्या तरी डोक्यावरून पाणी. शिवाय झिंक दाबाखाली झिजतं, बारीक रेषा आधी मरतात.

खरं सांगायचं तर आणखी तीसेक प्रती आरामात निघाल्या असत्या.

बाराचा आकडा माझी चित्रं विकणाऱ्याचा. एडिशन, म्हणजे ठरलेल्या प्रती, काढून संपली की प्लेट रेघा मारून कॅन्सल करायची आणि तिचं प्रूफ, म्हणजे त्या रेघांसकट काढलेली छाप, त्याला दाखवायचं, असं ठरलं होतं. मी सुई घेऊन आधी विटेवर रेघ मारली, मग पायांवर. प्रूफ पाहून तो म्हणाला, "चेहरा शाबूत आहे की." मग चेहऱ्यावरून दोन, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. थेट धातूवर ओरखडा काढला की रेघेच्या काठाला बारीक कंगोरा उठतो आणि तो शाई धरून ठेवतो. नायट्रिक आम्लात पिसानं बुडबुडे सारत, तीन-तीन बाइट देऊनही, म्हणजे तीन-तीनदा आम्लाला रेषा खाऊ देऊनही, जो काळा मला साधला नव्हता, तो त्या फुलीत उतरला. मखमली. अख्ख्या चित्रातली सगळ्यात चांगली रेष तीच.

आई दारात उभी होती. "म्हणजे हा आता खंडित झाला?"

"आई, पत्रा आहे तो."

"मग आंघोळ केल्याशिवाय हात का लावत नव्हतास?"

शिळाछापवालेही काम संपलं की दगड घासून चित्र पुसतात आणि त्यावरच पुढचं काढतात. त्यांना कोणी खंडित-बिंडित विचारत नाही! हा माझा आवडता बचाव. पण त्यांना दगड हवा असतो. मला बारा प्रतींचा भाव टिकवायचा होता. तेव्हाचा मी म्हणेल, घरभाडं थकलं होतं. थकलं होतंच.

प्लेट आईनं नेली. देव्हाऱ्यात ठेवली नाही, विसर्जनही केलं नाही. जुन्या साडीत गुंडाळून कपाटात आहे.

फुलीचं प्रूफ माझ्याकडे. परवा एकानं त्याची किंमत विचारली. मी सांगून टाकली.