आत कमी, बाहेर जास्त: ईटीपीच्या फ्लोमीटरचा माझा अनुभव

मी रायगड जिल्ह्यातल्या एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. आमच्या ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या, इनलेटला आणि आउटलेटला एकेक मॅगमीटर, म्हणजे विद्युतचुंबकीय फ्लोमीटर, आहे. रोजच्या लॉगबुकात इनलेटपेक्षा आउटलेटचा आकडा जास्त यायचा. प्रदूषणाचा हिशेब याच आकड्यांवर चालतो, त्यामुळे दुर्लक्ष करून चालणार नव्हतं.

पहिला सल्ला आला, मीटर बदला. पण कॅलिब्रेशनचा दाखला ताजा होता, मीटरमधली चुंबकीय क्षेत्र तयार करणारी कॉइल आणि व्होल्टेज टिपणारे इलेक्ट्रोड तपासले, तेही ठीक. मग लाईनच्या कडेकडेने चालत गेलो. इनलेटचं मीटर पंपाच्या डिस्चार्जवर, तिथे पाईप कायम भरलेला. आउटलेटला मात्र पाणी उताराने वाहत होतं. फिटर काकांनी मीटरजवळचा फ्लँज, म्हणजे पाईपचा बोल्टचा जोड, सोडवला आणि म्हणाले, "साहेब, अर्ध्याच्या वर डागच नाही बघा." आतून पाईप अर्ध्यापर्यंत काळपट, वर कोरा.

मॅगमीटर फॅरेडेच्या 1831 च्या नियमावर चालतो. चुंबकीय क्षेत्रातून पाणी गेलं की वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज तयार होतं. मीटर मोजतो फक्त वेग, आणि त्याला पाईपच्या पूर्ण छेदाने गुणतो. पाईप अर्धा रिकामा असला तरी गुणाकार पूर्ण छेदाचाच. जास्तीचं पाणी येत होतं ते इथून.

माझ्या साहेबांना कागदावर चित्र काढून दाखवलं, तेव्हा शटडाऊनमध्ये काम करायला परवानगी मिळाली. लाईन खाली उतरवून पुन्हा वर घेतली आणि मीटर वर चढणाऱ्या उभ्या भागात बसवला. तिथे पाईप भरलेलाच राहतो आणि गाळही मीटरात बसत नाही. तळाला ड्रेन व्हॉल्व्ह ठेवला. वेग वाढून सिग्नल चांगला मिळावा म्हणून मीटरही 150 ऐवजी 80 मिलिमीटरचा घेतला. आमचा प्रवाह ताशी 20 घनमीटर, म्हणजे जुन्या मीटरात पाईप भरलेला असता तरी वेग सेकंदाला जेमतेम 0.3 मीटर. आता तो 1.1 आहे. रिड्युसर (पाईपचा व्यास कमी करणारा तुकडा) आणि बेंडनंतर पाचपट व्यासाएवढा सरळ पाईप सोडला.

तरी सुरू केल्यावर आकडा थरथरत होता. लाईन यूपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकची, मीटरला आतून रबर, मग पाण्याला अर्थिंग मिळणार कुठून? दोन्ही बाजूंना पाण्याला टेकणाऱ्या धातूच्या अर्थिंग रिंग घालून तांब्याच्या तारेने मीटरच्या बॉडीला जोडल्या. इलेक्ट्रोडवरचा सिग्नल मिलिव्होल्टमधला, एवढी काळजी लागतेच. आकडा लगेच स्थिरावला.

शेवटी टाकीची परीक्षा घेतली. मीटरनंतर पाणी ज्या टाकीत पडतं ती 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद. पुढचा पंप बंद ठेवून पातळी 500 मिलिमीटर चढू दिली, म्हणजे 3000 लिटर. टोटलायझरवर, म्हणजे मीटरच्या एकूण पाण्याच्या आकड्यात, 2980 भरले. पट्टीवर 3 मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी 18 लिटरचा फरक पडतो, त्यामुळे साहेबांनी तिथेच रिपोर्टवर सही केली.