फ्लॅशनंतरचा डायल टोन

मुंबईतील कार्यालयांमध्ये ईपीएबीएक्स, म्हणजे आतले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारी अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज, बसवणे आणि त्यांची देखभाल करणे हे माझे काम आहे. परळच्या एका रुग्णालयातून आलेली तक्रार मात्र यंत्राविषयी नव्हती, तेथील टेलिफोन ऑपरेटर बाईंविषयी होती. बाहेरून आलेला फोन त्यांनी डॉक्टरांना जोडून दिला की पलीकडे कोणीच नसे. त्यामुळे बाई फोन नीट होल्डवर ठेवत नाहीत, असा ठपका व्यवस्थापनाने त्यांच्यावर ठेवला होता.

मी त्यांच्या शेजारी बसून काम पाहिले. फ्लॅशचे बटण दाबायचे, डायल टोन ऐकायचा, एक्स्टेन्शनचा नंबर दाबायचा, डॉक्टरांना रुग्णाचे नाव सांगायचे आणि मगच रिसीव्हर ठेवायचा, ही त्यांची पद्धत बिनचूक होती. "टोन आला म्हणजे पेशंट होल्डवर गेला, असंच आम्हाला शिकवलंय. मग माझं चुकतं कुठे?" त्यांनी विचारले.

मी सहकाऱ्याला बाहेर उभे राहून मोबाइलवरून रुग्णालयात फोन करायला सांगितले. बाईंनी फ्लॅश दाबल्यावर त्याला होल्डचे संगीत ऐकू आलेच नाही, त्याचा फोन तुटला. बाईंच्या कानात मात्र नेहमीसारखाच डायल टोन वाजत होता.

फ्लॅश दाबल्यावर टेलिफोनच्या तारेतील प्रवाह क्षणभर खंडित होतो, आणि तो किती काळ खंडित राहिला यावरून एक्स्चेंज त्याचा अर्थ लावते. खंड ठरलेल्या मर्यादेत असेल तर समोरची व्यक्ती होल्डवर जाते. तो लांबला तर रिसीव्हर खाली ठेवला असे समजून एक्स्चेंज फोन तोडते आणि लगेच प्रवाह सुरू झाल्यामुळे, जणू कोणी नव्याने रिसीव्हर उचलला आहे असे मानून, पुन्हा डायल टोन देते. काही एक्स्चेंजमध्ये होल्डनंतरचा टोन तुटक असतो. येथे दोन्ही टोन सारखेच होते. केवळ ऐकून हा फरक ओळखणे कोणत्याही ऑपरेटरला शक्य नव्हते, आणि ज्यांना दोष दिला गेला त्यांच्याकडे स्वतःच्या बाजूने दाखवण्यासारखा पुरावाही नव्हता, हे मला फार लागले.

रुग्णालयाने नुकत्याच घेतलेल्या टेलिफोन संचांवर फ्लॅशचा काळ 600 मिलिसेकंद होता, तर एक्स्चेंजची वरची मर्यादा 300 मिलिसेकंदांची होती. मर्यादा वाढवणे सोपे होते, परंतु मग एखाद्याने रिसीव्हर ठेवून झटकन पुन्हा उचलला, तर संपलेले संभाषणही होल्डवर अडकले असते. म्हणून मी संचांच्या तळाशी असलेली खटकी 100 मिलिसेकंदांवर आणली. ज्या संचांना अशी खटकी नव्हती, ते फोन जोडून देण्याची गरज नसलेल्या खोल्यांमध्ये हलवले.

नव्या संचांवर होल्डचे निराळे बटणही होते. त्याने संच स्वतःच फोन धरून ठेवतो. एक्स्चेंजच्या दृष्टीने संभाषण चालूच असते, त्यामुळे ते दुसऱ्या एक्स्टेन्शनला देता येत नाही. फोन जोडून द्यायचा असेल तर फ्लॅशच वापरावा, हे मी स्वागतकक्षातील सर्वांना करून दाखवले.

त्यानंतर सहकाऱ्याने पुन्हा फोन केला, त्याला संगीत ऐकू आले आणि बाह्यरुग्ण विभागात तो व्यवस्थित जोडला गेला. दुरुस्तीच्या अहवालात मी फ्लॅशचा काळ आणि एक्स्चेंजची मर्यादा हे दोन्ही आकड्यांसह लिहिले, ऑपरेटरच्या कामात कोणताही दोष आढळला नाही असे स्वतंत्र वाक्यात नोंदवले आणि त्याची एक प्रत बाईंच्या हाती दिली.