अकोसोम्बोची वीज आणि तिचे करार

घानाला जाणारे बहुतेक भारतीय प्रवासी केप कोस्टचे गुलामांचे किल्ले पाहतात, राजधानी आक्रातल्या बाजारात फिरतात आणि परततात. मी किल्ले पाहिले, परंतु उरलेला वेळ विजेचा माग काढण्यात घालवला. पश्चिम आफ्रिकेच्या मानाने हा देश बराच सुस्थितीत आहे. 1992 च्या संविधानापासून इथे मतपेटीतून सत्तांतरे होत आली आहेत आणि 85 टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत वीज पोहोचली आहे. तरीही टॅक्सीत, खानावळीत किंवा सरकारी कचेरीत कोणाशीही पाच मिनिटे बोलले, तरी गोष्ट ‘दुमसोर’वर, म्हणजे वीज जाण्या-येण्यावर, येऊन थांबते.

आक्राहून व्होल्टा नदीवरच्या अकोसोम्बो धरणाकडे जाताना आधी तेमा लागते. हे बंदर आणि त्याचे शहर घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांच्या काळात आखले गेले, आणि तिथल्या औद्योगिक वसाहतीतला व्हाल्को हा अॅल्युमिनियमचा कारखाना समजून घेतल्याशिवाय पुढचे धरण समजत नाही. धरणासाठी जागतिक बँक, अमेरिका आणि ब्रिटन यांचे कर्ज हवे होते. कर्ज मिळण्यासाठी विजेचा मोठा आणि खात्रीचा ग्राहक दाखवणे आवश्यक होते. तो ग्राहक म्हणून अमेरिकेची कैसर कंपनी आली आणि तिने आपल्या अटी घातल्या. युनिटचा दर अमेरिकन सेंटच्या साधारण पाव भागाइतका ठरला आणि करार दीर्घ मुदतीचा झाला. घानात बॉक्साइटच्या खाणी असूनही कारखान्यासाठी बॉक्साइटपासून बनणारा अॅल्युमिना मात्र बाहेरून आणला जाऊ लागला. एन्क्रुमा यांच्यापुढे दुसरा पर्याय फारसा नव्हता, हे मान्य करूनही हा व्यवहार विलक्षण एकतर्फी होता असेच मला वाटते.

तेमाहून उत्तरेकडे निघाल्यावर शाई टेकड्यांजवळ रस्त्याच्या कडेला बबून माकडे बसलेली दिसतात. याच दिशेने तेमा ते म्पाकादान हा 97 किलोमीटरचा नवा लोहमार्गही जातो. भारताच्या एक्झिम बँकेच्या कर्जातून मुंबईच्या अॅफकॉन्स कंपनीने तो बांधला आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये त्याचे उद्घाटन झाले. म्पाकादानहून पुढे व्होल्टा सरोवरातून जलमार्गाने उत्तर घानाशी मालवाहतूक जोडण्याची मूळ कल्पना आहे; ती पूर्ण झाली तरच या खर्चाला अर्थ आहे. अटिम्पोकूला अडोमी पुलाजवळ गाडी थांबताच डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका खिडकीशी येतात. तळलेल्या चिमुकल्या माशांना इथे ‘वन मॅन थाउजंड’ म्हणतात, आणि वाफवलेल्या ‘अबोलो’बरोबर ते फार चवदार लागतात.

व्होल्टा हॉटेलच्या गच्चीवरून धरण समोर दिसते. दगड आणि मातीचा तो भराव 114 मीटर उंच आहे, वीजगृहात सहा संच आहेत आणि त्यांची एकूण क्षमता 1,020 मेगावॉट आहे. मागचे सरोवर सुमारे 8,500 चौरस किलोमीटर पसरले असून मानवनिर्मित जलाशयांमध्ये ते जगातल्या सर्वांत विस्तीर्ण जलाशयांपैकी एक आहे. 22 जानेवारी 1966 रोजी एन्क्रुमा यांनी धरणाचे उद्घाटन केले आणि पुढच्याच महिन्यात, 24 फेब्रुवारीला, लष्कराने त्यांची सत्ता उलथवली.

जवळच्या न्यू अजेना या पुनर्वसित गावात मी दुपारी गेलो. सरोवरासाठी सुमारे 80 हजार लोकांना उठवून सातशेहून अधिक गावांतून 52 नव्या वसाहतींमध्ये हलवण्यात आले होते. त्यांना मिळालेले घर म्हणजे पूर्ण घराचा पाया आणि त्यावर बांधून दिलेली एकच खोली; बाकीचे ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवायचे होते. अंगणात मका वाळत घालणाऱ्या एका आजींनी सांगितले की बदली शेत मिळाले ते थोडे आणि निकस होते, आणि मुले परत पाण्याकडे, मासेमारीकडे गेली. ज्या विजेसाठी ही माणसे उठली, ती यांपैकी अनेक वसाहतींमध्ये पोहोचायला काही दशके गेली. सरोवराच्या संथ पाण्यात गोगलगायी वाढल्या आणि त्यांच्याबरोबर बिल्हार्झिया हा रोग काठावरच्या गावांत पसरला, हा हिशेब तर प्रकल्पाच्या नफा-तोट्यात कुठेच धरलेला नव्हता. खालच्या अंगाची गावेही सुटली नाहीत. 2023 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जलाशय भरल्यावर पाणी सोडावे लागले, तेव्हा मेपेसारख्या गावांतील सुमारे 26 हजार लोक बेघर झाले.

एवढे मोठे धरण असताना वीज जाते कशी, हा प्रश्न मी आक्राला परतल्यावर ऊर्जाक्षेत्रात काम केलेल्या एका गृहस्थांना विचारला. त्यांचे उत्तर तासभर चालले, आणि त्यातला मोठा भाग यंत्रांविषयी नव्हताच. पाऊस कमी झाला की सरोवर खाली जाते, म्हणून देशाने गॅसवर चालणारी केंद्रे उभारली आणि गॅस नायजेरियाहून समुद्रतळाच्या वाहिनीतून आणला. 2012 मध्ये टोगोच्या किनाऱ्याजवळ एका जहाजाच्या नांगराने ती वाहिनी तुटली, पुरवठा जवळजवळ वर्षभर बंद राहिला आणि दुमसोरचा सर्वांत कठीण काळ सुरू झाला. त्या घाईत, निवडणूक समोर दिसत असताना, सरकारने मिळेल त्या कंपनीशी करार केले. तुर्कस्तानहून तरंगते वीजकेंद्रच तेमाला येऊन उभे राहिले. यांतले बरेच करार असे होते की वीज घ्या अथवा न घ्या, ठरलेले पैसे द्यावेच लागतील. दाभोळचे एन्रॉन प्रकरण ज्यांनी महाराष्ट्रात पाहिले आहे, त्यांना या कलमाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

2019 मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री केन ओफोरी-आट्टा यांनी संसदेत जे आकडे मांडले, ते यामुळेच चक्रावून टाकतात. स्थापित क्षमता 5 हजार मेगावॉटच्या वर होती आणि कमाल मागणी 2,700 च्या आसपास, तर न वापरलेल्या विजेपोटी देश वर्षाला 50 कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजत होता. तरीही इंधनाला पैसे नसले की केंद्रे थांबतात आणि घरे अंधारात जातात. माझ्या मते इथल्या धोरणाची खरी गाठ इथेच आहे: 1960 च्या दशकात वीज फार स्वस्त विकली गेली, 2010 च्या दशकात ती फार महाग घेतली गेली, आणि दोन्ही वेळी वाटाघाटीच्या टेबलावर समोरच्याला घाई नव्हती.

वितरणाची कथा वेगळी असली तरी ती याच खड्ड्यात पडते. सरकारी वितरण कंपनी पुरवलेल्या विजेतील बऱ्याच भागाची वसुलीच करू शकत नाही. अमेरिकी अनुदानाच्या अटीनुसार मार्च 2019 मध्ये तिचा कारभार पीडीएस या खासगी कंपनीकडे सोपवण्यात आला. परंतु तिने दिलेल्या हमीपत्रांवरच संशय निर्माण झाल्याने ऑक्टोबरमध्ये सरकारने करार रद्द केला आणि अमेरिकेने 19 कोटी डॉलर परत घेतले. तीन वर्षांनी देशाने बहुतेक परदेशी कर्जाची फेड थांबवली, डिसेंबर 2022 मध्ये महागाईचा दर 54 टक्क्यांवर गेला, आणि मे 2023 मध्ये नाणेनिधीने मंजूर केलेल्या 3 अब्ज डॉलरच्या कार्यक्रमात वीजक्षेत्राची तूट हा मोठा विषय ठरला.

राष्ट्राध्यक्ष जॉन महामा यांच्या सरकारने 2025 मध्ये मोबाइल व्यवहारांवरचा नावडता कर रद्द केला, परंतु वीजक्षेत्राची देणी भागवण्यासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे एक सेडीचा (सेडी हे घानाचे चलन) नवा आकार लावला. पंपावर गाडी भरून घेताना आमच्या चालकाने त्याला शिव्या दिल्या आणि लगेच, वीज राहणार असेल तर देऊ, असेही म्हटले. सध्या वितरणात खासगी कंपन्यांना पुन्हा आणण्याची चर्चा आक्रात जोरात आहे, आणि जुन्या करारांमधले दर खाली आणण्यासाठी उत्पादक कंपन्यांशी बोलणीही चालू आहेत.