तुम्ही विचारलंत म्हणून: दिसत नसताना रेडिओ कसा लावता?

हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांनी एकमेकांशी बोलायचा रेडिओ, चालवतो म्हटलं की प्रश्न ठरलेला: "दिसत नाही, मग समोरचं स्टेशन सापडतं कसं?" काही जण पाठोपाठ 'दैवी देणगी'वर येतात. देणगी कसली, सवय आहे.

स्टेशन लागतं ते कानानेच, डोळसांचंही. ४० मीटरच्या बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, आमच्या गप्पा एलएसबीवर (लोअर साइडबँड, म्हणजे सिग्नलची फक्त खालची बाजू) चालतात. डायल नेमक्या जागेच्या थोडी वर गेली की बोलणाऱ्याचा आवाज किनरा होतो, खाली गेली की घोगरा. नॉब सावकाश फिरवायचा आणि आवाज माणसासारखा वाटला की हात थांबवायचा. १४ मेगाहर्ट्झवर यूएसबी (अप्पर साइडबँड, वरची बाजू) असते, तिथे नेमकं उलटं. मोर्स असेल तर आपल्या सेटचा सूर समोरच्या सुराशी जुळवायचा, तबला षड्जात मिळवतात तसा.

आकडाच हवा असेल तर सेट सांगतो. आयकॉमच्या आयसी-७३०० मध्ये स्पीचचं बटण दाबलं की फ्रिक्वेन्सी, मोड आणि सिग्नल किती येतोय ते ऐकू येतं. त्याचा टचस्क्रीन मात्र मुका. केनवुडच्या टीएस-५९० ला आवाजाचं वीजीएस-१ युनिट वेगळं घ्यावं लागतं, पण मग तो मेनूही वाचून दाखवतो. आम्हाला असा बटणांचा सेट बरा. गुळगुळीत काचेवर बोटाला काय कळणार?

अँटेना सेटशी जुळवून देणारा ट्यूनर हाताने लावायचा असेल तर आधी नुसतं ऐकायचं. बँडवरची खरखर सर्वांत मोठी येईल तिथे नॉब ठेवायचे, मग अगदी कमी पॉवरवर कॅरिअर (नुसता, बिनआवाजाचा सिग्नल) सोडून उरलेलं जुळवायचं. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना कितपत जुळली त्याचं माप, बोलून सांगणारे मीटरही मिळतात.

मुंबईत डोळ्यांपेक्षा जास्त अडतं ते एलईडी दिवे, चार्जर आणि लिफ्टमुळे. आमच्या बिल्डिंगमध्ये मध्यंतरी ७ मेगाहर्ट्झवर अशी गुरगुर सुरू झाली की गच्चीवरची २० मीटर लांबीची डायपोल (दोन बाजूंना ताणलेल्या तारेची अँटेना) असून नसल्यासारखी. खिशातला ट्रान्झिस्टर एएमवर, दोन स्टेशनांच्या मधे लावला आणि जिना उतरत गेलो. खालच्या एका दाराशी गुरगुर टिपेला पोचली. दिव्यांच्या माळेचा स्वस्तातला अ‍ॅडाप्टर निघाला. काकूंनी माळ काढायला साफ नकार दिला, म्हणून अ‍ॅडाप्टरच्या वायरीला फेराइटच्या (अशी खरखर अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्यातून वेढे देऊन आलो. तेव्हा कुठे दुपारी कोल्हापूरवाले पुन्हा स्वच्छ यायला लागले.