शेवटच्या पानावरचे शून्य

पर्वरीतल्या आमच्या लहानशा कार्यालयात आम्ही पतसंस्थांसाठी संगणकप्रणाली तयार करतो. २०१५ साली जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आठव्या आवृत्तीवर, म्हणजे जावा ८ वर, या प्रणालीचा पाया घालताना खातेदाराच्या प्रत्येक व्यवहाराची नोंद धरून ठेवणाऱ्या क्लासला, म्हणजे त्या जातीच्या वस्तूंच्या कोडमधल्या साच्याला, मी ‘रेकॉर्ड’ असे नाव दिले. त्या वेळी ते नाव मोकळे होते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही सर्व्हर जावा १७ वर नेले. आधीच कंपाइल केलेली, म्हणजे यंत्रासाठी भाषांतरित झालेली, जुनीच जार फाइल नव्या जावावर विनातक्रार चालू लागली आणि आम्ही निश्चिंत झालो. पंधरवड्यानंतर व्याज आकारणीत दोन ओळींचा बदल करून प्रणाली पुन्हा कंपाइल करायला घेतली, तेव्हा पडद्यावर त्रुटींची रांग लागली. ‘रेकॉर्ड’ हा उल्लेख संदिग्ध आहे, दोन क्लास जुळतात, एवढेच प्रत्येक ओळ सांगत होती. आमच्या धाकट्या सहकाऱ्याने कोड बिघडवला असे दोघांनी लगेच ठरवूनही टाकले. कारण शोधण्याआधी माणूस शोधायची ही सवय आमच्या व्यवसायात फार आहे आणि मला तिचा मनस्वी राग येतो.

दोष त्या मुलाचा नव्हता. भाषेत ‘रेकॉर्ड’ नावाची नवी रचना २०२० साली जावा १४ मध्ये चाचणीसाठी आली आणि २०२१ साली जावा १६ मध्ये कायम झाली. तिच्यासोबत जावा-डॉट-लँग या मूळ पॅकेजात, म्हणजे क्लासांच्या गटात, त्याच नावाचा क्लास आला. हे पॅकेज प्रत्येक फाइलमध्ये न सांगता इम्पोर्ट होते, म्हणजे त्यातली नावे तिथे थेट वापरता येतात. आमच्या पॅकेजातल्या फाइलींना आपला क्लास आधी दिसतो, म्हणून त्या सुटल्या. पण बाहेरच्या ज्या फाइलींनी आमचे पॅकेज तारांकन लावून सरसकट इम्पोर्ट केले होते, त्यांच्या दृष्टीने दोन्ही दावेदार समान पातळीवर आले. कंपाइल झालेल्या जुन्या फाइलीत मात्र क्लासचे नाव पॅकेजसह पूर्ण लिहिलेले असते, त्यामुळे पंधरा दिवस सारे सुरळीत चालले. पणजीच्या कदंब बसस्थानकावर नुसते ‘शिरोडा’ म्हटले तर फोंड्याकडचा की वेंगुर्ल्याचा, हे विचारावेच लागते. तिकिटावर मार्ग छापलेला असला की प्रश्न उरत नाही.

उपाय सोपा होता. तारांकनाच्या जागी क्लासचे पूर्ण नाव लिहून इम्पोर्ट केले की तेच नाव ग्राह्य धरले जाते. त्रेचाळीस फाइली होत्या. आम्ही त्या वाटून घेतल्या आणि संध्याकाळी प्रणाली रवाना केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हापशाच्या एका संस्थेतून लिपिकाचा फोन आला, “सर, निमाण्या पानार शून्य कित्याक येता?” (शेवटच्या पानावर शून्य का येते?) दैनंदिन अहवालातल्या रकमा बरोबर होत्या, बेरजा जुळत होत्या, फक्त तळाशी ‘एकूण नोंदी : ०’ असे छापले जात होते.

दुपारपर्यंत शोधल्यावर ती ओळ सापडली. अहवालाच्या यादीत शीर्षके, उपबेरजा आणि नोंदी अशा वेगवेगळ्या वस्तू एकत्र असतात, आणि त्यातली वस्तू ‘रेकॉर्ड’ आहे का, एवढेच ‘इन्स्टन्सऑफ’ने तपासून ती फाइल मोजणी करत होती. आमच्या पॅकेजातले दुसरे काहीच तिथे वापरलेले नव्हते. आमच्यातल्या एका अनुभवी सहकाऱ्याने ती तारांकित इम्पोर्टची ओळ अनावश्यक समजून काढून टाकली होती. ओळ गेली, त्रुटीही गेली, आणि ‘रेकॉर्ड’ म्हणजे निमूटपणे जावाचा रेकॉर्ड ठरला. आमची एकही वस्तू त्या जातीची नसल्यामुळे उत्तर प्रत्येक वेळी नकारार्थी येत राहिले. कंपायलरला आक्षेप घ्यायला जागाच नव्हती. आमच्या चाचण्या रकमा तपासत होत्या, संख्या नव्हे. ही उणीव माझी आहे.

तेव्हापासून मी याच गोष्टीचा विचार करतो आहे. त्रेचाळीस फाइलींनी केलेला आरडाओरडा उपकारकच होता. घात केला तो गप्प बसलेल्या एका फाइलीने. भाषा वाढायची तर तिला साधी, रोजची नावे घ्यावीच लागणार, हे मला मान्य आहे. १९९८ साली जावा १.२ मध्ये ‘लिस्ट’ आले तेव्हा खिडक्या-बटणांच्या जुन्या पॅकेजातल्या ‘लिस्ट’शी असाच संघर्ष झाला होता. पीएचपी या दुसऱ्या भाषेने नोव्हेंबर २००५ मध्ये ‘डेट’ क्लास आणला आणि पेअर या तयार कोडच्या संग्रहातल्या त्याच नावाच्या क्लासशी टक्कर होते हे पाहून काही दिवसांतच पुढच्या आवृत्तीत मागे घेतला. जावाने माघार घेतली नाही, पण लपवाछपवीही केली नाही. ‘रेकॉर्ड’ या शब्दाला सरसकट राखीव न केल्यामुळे चलाचे नाव म्हणून तो आजही चालतो, आणि क्लासच्या नावाचा धोका त्या बदलाच्या अधिकृत प्रस्तावात स्पष्ट लिहिलेला आहे. आम्ही सर्व्हर बदलला, प्रस्ताव वाचला नाही.

मी क्लासचे नाव ‘खातेनोंद’ केले, इंग्रजी अक्षरांतच, पण मराठी शब्द. तारांकित इम्पोर्ट आता आमच्या तपासणीत नापास होतो. संध्याकाळी म्हापशाच्या लिपिकाने नवा अहवाल छापून शेवटचा आकडा फोनवर वाचून दाखवला, ३१२. मी त्याला हाताने मोजून पाहायची विनंती केली. त्याने मोजले.