नेटबॉल : बिबवरची अक्षरे आणि मैदानावरच्या रेषा

नेटबॉल पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा बास्केटबॉलचाच एखादा सौम्य प्रकार वाटतो आणि मग त्यातल्या प्रत्येक गोष्टीचा त्याला उलगडा होईनासा होतो. चेंडू हातात आला की खेळाडू थांबतात का, मोकळी जागा समोर असूनही एखादी खेळाडू रेषेपाशी येऊन थबकते का, गोलच्या खांबामागे फळी का नाही, असे प्रश्न पडत जातात. या सगळ्यांचे उत्तर एकच आहे, असे माझे मत आहे. नेटबॉलमध्ये जागा ही वाटून दिलेली असते. कोणी कुठवर जायचे हे ठरलेले असल्यामुळे एकटीच्या बळावर सामना जिंकणे जवळपास अशक्य होते आणि चेंडू सातत्याने एकीकडून दुसरीकडे द्यावाच लागतो. ही वाटणी नीट समजली की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

प्रथम मैदान पाहू. ते 30.5 मीटर लांब आणि 15.25 मीटर रुंद असते आणि दोन आडव्या रेषांनी त्याचे तीन समान भाग पाडलेले असतात : मधला भाग आणि दोन टोकांचे गोलचे भाग. दोन्ही टोकांना 4.9 मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ असते, त्याला गोल सर्कल म्हणतात, आणि मैदानाच्या मध्यावर 0.9 मीटर व्यासाचे छोटे वर्तुळ असते. गोलची कडी 3.05 मीटर उंचीवर, म्हणजे बास्केटबॉलइतक्याच उंचीवर असते. पण मागे फळी नसल्यामुळे चेंडू आपटून आत घालण्याची सोय नाही. तो वरूनच, नेमक्या कमानीने कडीत उतरवावा लागतो. वरिष्ठ स्तरावरचा सामना 15 मिनिटांच्या चार सत्रांचा असतो, प्रत्येक सत्रानंतर संघ बाजू बदलतात, आणि दोन पंच मैदानाचा एकेक अर्धा भाग सांभाळतात.

प्रत्येक संघात मैदानावर सात खेळाडू असतात आणि प्रत्येकीच्या बिबवर, म्हणजे जर्सीवर लावलेल्या पट्टीवर, तिच्या जागेची आद्याक्षरे असतात. ही अक्षरे म्हणजे तिचा परवानाच. जीएस म्हणजे गोल शूटर. तिला फक्त आपल्या आक्रमणाच्या टोकाचा भाग आणि त्यातले गोल सर्कल एवढीच मुभा असते. जीए म्हणजे गोल अटॅक. तिला त्याच्या जोडीला मधला भागही मोकळा असतो. गोल करण्याचा अधिकार या दोघींनाच आहे आणि तोही सर्कलच्या आतूनच. डब्ल्यूए, म्हणजे विंग अटॅक, मधल्या भागात आणि आक्रमणाच्या भागात फिरते, पण सर्कलमध्ये पाऊल टाकू शकत नाही. सर्कलच्या कडेवर उभे राहून आतल्या दोघींना चेंडू पुरवणे हे तिचे मुख्य काम. बचावाची बाजू ही याच रचनेचे प्रतिबिंब असते : गोलकीपर गोल शूटरसमोर, गोल डिफेन्स गोल अटॅकसमोर आणि विंग डिफेन्स विंग अटॅकसमोर. उरली सी, म्हणजे सेंटर. तिला दोन्ही सर्कल वगळून सगळे मैदान खुले असते, त्यामुळे सर्वांत जास्त धावपळ तिच्याच वाट्याला येते.

आपल्या हद्दीबाहेर पाऊल पडले की ऑफसाइड होते आणि प्रतिस्पर्ध्याला फ्री पास मिळतो. चेंडू हातात असो वा नसो, त्याने फरक पडत नाही. मात्र रेषेपलीकडच्या हवेवर बंदी नाही. पलीकडच्या जमिनीला स्पर्श न करता पुढे झुकून चेंडू घेता येतो. म्हणूनच सर्कलच्या कडेवर विंग अटॅक आणि विंग डिफेन्स या दोघी चवड्यांवर तोल सावरत, जवळजवळ पडण्याच्या बेतात झुकलेल्या दिसतात.

या सातांपैकी सर्वांत दुर्लक्षित जागा विंग डिफेन्सची, असे मला नेहमी वाटत आले आहे. हे मत निःपक्षपाती नाही, कारण मी स्वतः तीच जागा खेळत असे. तिच्या नावावर गोल लागत नाही आणि कडीजवळ उंच उडी मारून चेंडू अडवण्याचे टाळ्या मिळवणारे कामही तिच्याकडे नसते. तिचे यश दिसते ते विलंबाच्या रूपाने. विंग अटॅकला सर्कलच्या कडेवरची सोयीची जागा तिने मिळू दिली नाही, तर चेंडू दोन पास मागे जातो, आतली गोल शूटर जागा धरून धरून थकते आणि शेवटी एखादा घाईचा, उंच पास गोलकीपरच्या हाती पडतो. नोंदवहीत तो चेंडू गोलकीपरने अडवला अशीच नोंद होते.

आता चेंडूचे नियम. चेंडू हातात आल्यापासून तीन सेकंदांच्या आत तो पुढे द्यावा किंवा गोलकडे टाकावा लागतो. टप्पे देत धावण्याची मुभा नाही. निसटता चेंडू ताब्यात घेताना तो एकदा टप्पा देऊन किंवा थोपटून सावरता येतो, इतकेच. पायांचा नियम नवख्यांना सर्वांत अवघड जातो, म्हणून तो सावकाश सांगते. समजा, खेळाडूने उडी मारून चेंडू पकडला आणि तिचा उजवा पाय आधी जमिनीला टेकला. आता उजवा हा तिचा टेकलेला पाय झाला. डाव्या पायाने ती पाऊल टाकू शकते, उजव्यावर गिरकी घेऊन दिशा बदलू शकते, उजवा पाय उचलूही शकते. पण उचललेला उजवा पाय पुन्हा जमिनीला लागण्यापूर्वी चेंडू हातातून सुटलेला असला पाहिजे. दोन्ही पाय एकाच वेळी टेकले असतील, तर टेकलेला पाय कोणता मानायचा ते ती स्वतः ठरवते. पूर्ण वेगात धावताना हवेत चेंडू घेऊन शरीराला असे जागच्या जागी रोखण्याचा ताण गुडघ्यांवर किती येत असेल, याची कल्पना खेळून पाहिल्याशिवाय येत नाही. या खेळात गुडघ्याच्या अस्थिबंधांच्या दुखापती इतक्या आढळतात, त्यामागे हेच कारण आहे.

तीन भागांच्या रेषांचा आणखी एक उपयोग आहे. मैदानाचा एक संपूर्ण भाग ओलांडून चेंडू फेकता येत नाही. प्रत्येक भागात कोणीतरी त्याला हात लावावाच लागतो. त्यामुळे गोलकीपरला थेट दुसऱ्या टोकाच्या गोल शूटरकडे लांबलचक फेक करता येत नाही आणि मधल्या खेळाडू बघ्याच्या भूमिकेत राहत नाहीत.

बचाव करणारीने चेंडू असलेल्या खेळाडूपासून 0.9 मीटर अंतर राखायचे असते. हे अंतर मोजतात ते चेंडूवालीच्या टेकलेल्या पायापासून बचाव करणारीच्या जवळच्या पायापर्यंत. हातांचे मोजमाप कोणी करत नाही. म्हणून कसलेली गोलकीपर अंतर पुरे करून घेते आणि मग एका पायावर उभी राहून, हात लांबवत, शूटरच्या डोळ्यांसमोर आपला पंजा आणून ठेवते. अंतराचा भंग झाला किंवा शरीराचा धक्का लागून खेळात अडथळा आला, तर पेनल्टी मिळते आणि दोषी खेळाडूला चेंडू सुटेपर्यंत बाजूला उभे राहावे लागते. म्हणजे तेवढ्या क्षणापुरता तिचा संघ सहा जणींचाच होतो. सर्कलमध्ये हा प्रसंग आला, तर शूटरला थेट गोलचा प्रयत्नही करता येतो. अशा चुकांवर हुज्जत न घालता दोषी खेळाडू पटकन जागेवर जाऊन उभी राहते, हे या खेळातले एक सुखद दृश्य आहे.

प्रत्येक गोलनंतर खेळ मध्यवर्ती वर्तुळातून सेंटर पासने सुरू होतो. शिट्टी होईपर्यंत दोन्ही सेंटर वगळता बाकी साऱ्या जणी गोलच्या भागांत थांबतात आणि तो पास मधल्या भागातच घेतला जावा लागतो. गोल कोणीही केला तरी सेंटर पास दोन्ही संघांना आळीपाळीने मिळतो, ही सर्वांत महत्त्वाची बाब. टेनिसमधल्या सर्व्हिसप्रमाणे आपल्या सेंटर पासवर गोल होणे गृहीत धरलेले असते आणि सामना फिरतो तो प्रतिस्पर्ध्याच्या पासवर चेंडू हिसकावल्याने. म्हणून केवळ धावफलक पाहून कोण पुढे आहे हे कळत नाही. पुढचा पास कोणाचा हेही पाहावे लागते.

हे सारे निर्बंध कुठून आले, हे थोडक्यात सांगायला हवे. जेम्स नेस्मिथ यांनी 1891 मध्ये अमेरिकेत बास्केटबॉल तयार केला, तो त्याच दशकात इंग्लंडमधल्या स्त्रियांच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयांत पोहोचला आणि तिथे त्याचे रूप पालटले. 1901 मध्ये या खेळाचे नियम प्रसिद्ध झाले. आंतरराष्ट्रीय महासंघ 1960 मध्ये कोलंबो येथे स्थापन झाला, पहिली विश्वचषक स्पर्धा 1963 मध्ये इंग्लंडमधल्या ईस्टबोर्न येथे भरली आणि ऑस्ट्रेलियाने ती जिंकली. 1998 च्या क्वालालंपूर येथील स्पर्धेपासून नेटबॉल राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत खेळला जातो. सुरुवातीच्या काळात स्त्रियांनी फार धावू नये या समजुतीचाही रेषांमध्ये वाटा होता, हे नाकारता येत नाही. पण त्याच रेषांमधून पुढे अत्यंत वेगवान आणि डावपेचांनी भरलेला खेळ उभा राहिला.

दोन सामने मी नव्या प्रेक्षकांना आवर्जून सुचवते. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या हेलन हाउसबी हिने अगदी शेवटच्या क्षणी पेनल्टीवर गोल करून ऑस्ट्रेलियाला 52-51 असे हरवले. पुढच्याच वर्षी लिव्हरपूलमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडनेही ऑस्ट्रेलियाला नेमके त्याच फरकाने, 52-51 असे नमवले. शंभरावर गोल होऊनही निकाल एका गोलाने लागतो, याचे कारण आळीपाळीच्या सेंटर पासमध्येच आहे.

ऑस्ट्रेलियातल्या सुपर नेटबॉल लीगने 2020 पासून प्रत्येक सत्राच्या शेवटच्या पाच मिनिटांत सर्कलच्या आतच, पण कडेलगतच्या पट्ट्यातून केलेल्या गोलला दोन गुण देण्याची पद्धत आणली. त्यामुळे पिछाडी लवकर भरून निघते आणि प्रेक्षकांचा उत्साह वाढतो, हे मान्य आहे. तरीही मला ती पटत नाही. लांबून नेम साधणाऱ्या एकीला त्यातून जे वजन येते, ते सर्कलच्या कडेवर झगडून चेंडू आत पोहोचवणाऱ्या डब्ल्यूए आणि सी यांच्या हिश्श्यातून वजा होते. आंतरराष्ट्रीय सामन्यांत गोल कुठूनही केला तरी एकच गुण मिळतो आणि तो तसाच राहावा, असे मला वाटते.