उत्तर खरं, पण उशिरा आलेलं

एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे निर्देश निघाले. सगळ्या यंत्रांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्यावरून वेळ घेणाऱ्या सर्व्हरशी जुळवणं बंधनकारक झालं. त्यानिमित्ताने आमच्या सर्व्हरवरचा जुना एनटीपी डीमन, म्हणजे नेटवर्कवरून वेळ विचारून घड्याळ जुळवणारी पडद्यामागची सेवा, आम्ही बारकाईने तपासला. वेळ तो चोख ठेवत होता. काळजी वाटली ती त्याच्या पसाऱ्याची. याच डीमनमधल्या ‘मॉनलिस्ट’ या देखरेखीच्या आज्ञेचा वापर करून 2013-14 मध्ये मोठमोठे डीडॉस हल्ले, म्हणजे माहितीचा लोंढा सोडून सर्व्हर ठप्प करणारे हल्ले, झाले होते. एका छोट्या पॅकेटला सर्व्हरशी शेवटी बोललेल्या 600 पत्त्यांपर्यंतची यादी उत्तरादाखल जायची, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असला की ती भलत्याच्याच माथी पडायची. डिसेंबर 2014 मध्ये याच डीमनमध्ये बफर ओव्हरफ्लो, म्हणजे मेमरीच्या ठरलेल्या जागेबाहेर माहिती सांडू देणारे दोष, सापडले. आम्हाला हवं होतं एवढंच की चार सर्व्हरना वेळ विचारावी आणि आपलं घड्याळ हळूच सरकवावं. रेडिओ घड्याळांचे ड्रायव्हर, ब्रॉडकास्ट, दूरस्थ नियंत्रण यांतलं काहीच लागत नव्हतं. हेनिंग ब्रॉवर यांची ओपनएनटीपीडी 2004 पासून ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे. तिची रचना समोर ठेवून आम्ही स्वतःची छोटी सेवा लिहिली. तिच्या शेवटच्या चाचणीत जे दिसलं, ते इथे मांडतो.

आधी रचना. घड्याळ सरकवणारी प्रोसेस वेगळी, नेटवर्कशी बोलणारी वेगळी. पहिलीने रूटचे बाकी सगळे अधिकार टाकून ‘कॅप-सिस-टाइम’ हा घड्याळ बदलण्याचा अधिकार एवढाच ठेवलेला आहे आणि तिच्याकडे नेटवर्क सॉकेटच नाही. दुसरीकडून ठरलेल्या लांबीचा संदेश येतो, त्यात फक्त एक आकडा असतो: किती सरकवायचं. त्या आकड्याची कमाल मर्यादा पहिलीतच तपासली जाते. म्हणजे नेटवर्कची प्रोसेस कोणी पूर्ण ताब्यात घेतली, तरी तिच्या हातून घड्याळाला बारीकसा धक्का देण्यापलीकडे काही होणार नाही. दुसरी प्रोसेस रिकाम्या फोल्डरमध्ये क्रूट केलेली, म्हणजे त्याबाहेरच्या फाइली न दिसतील अशी कोंडलेली आहे, वर कर्नलकडे काय मागता येईल ते मर्यादित करणारी सेककॉम्पची चाळणी. रिकाम्या फोल्डरमधून नाव-पत्ता शोधता येत नाही, म्हणून त्या कामासाठी (डीएनएस) तिसरी.

पॅकेट 48 बाइटचं. आपण पाठवतो त्याचा पहिला बाइट 0x23, म्हणजे आवृत्ती 4 आणि मोड 3 (विचारणारा). उत्तरात मोड 4 (उत्तर देणारा) हवा, स्ट्रॅटम, म्हणजे मूळ घड्याळापासूनची पायरी, 1 ते 15 मध्ये हवा, आणि ‘सर्व्हर जुळलेला नाही’ सांगणारी खूण नको. पाठवण्याच्या वेळेच्या रकान्यात आम्ही खरी वेळ भरतच नाही, 64 यादृच्छिक बिट भरतो. सर्व्हर तो रकाना जसाच्या तसा परत करतो, त्यामुळे वाटेत नसलेल्या माणसाला उत्तर बनवता येत नाही, आणि आपल्या घड्याळाची वेळही बाहेर जात नाही. खरी वेळ आपल्याच मेमरीत राहते. निघण्याचा पोर्ट दर वेळी नवा. एनटीपीच्या 123 या पोर्टवर आमच्याकडे ऐकणारं काहीच नाही. स्ट्रॅटम 0 आणि सोबत ‘रेट’, म्हणजे ‘फार वेळा विचारताय’ असा इशारा, आला तर विचारण्याचं अंतर वाढवायचं, हे पाळलंच पाहिजे. दुसऱ्याच्या सर्व्हरला सेकंदासेकंदाला छळणाऱ्या राउटरांचा त्रास विस्कॉन्सिन विद्यापीठाने 2003 मध्ये भोगला आहे.

आता ती चाचणी. सर्व्हर म्हणून क्रोनी ही दुसरी एनटीपी सेवा, एनटीएस या एनटीपीच्या सुरक्षा-जोडीसकट. एनटीएसमध्ये आधी 4460 पोर्टवर टीएलएस या कूटबद्ध जोडणीने किल्ल्या ठरतात आणि मग प्रत्येक पॅकेटवर त्या किल्लीचा शिक्का असतो. सर्व्हर आणि आमच्या सेवेच्या मध्ये एक लिनक्स पेटी ठेवली. खोटे शिक्के, तुटकी पॅकेटं, जुनीच उत्तरं पुन्हा पाठवणं, सगळं करून पाहिलं. सेवेने एकूण एक फेकून दिलं.

मग पेटीवर नेटेम हे पॅकेटं मुद्दाम अडवून ठेवणारं लिनक्सचं साधन लावून प्रत्येक उत्तर फक्त परतीच्या वाटेवर 400 मिलिसेकंद थांबवलं. पॅकेटला हात लावला नाही. शिक्का बरोबर, बिट बरोबर, सर्व्हर खरा. पहिल्या काही फेऱ्यांत काहीच हललं नाही, कारण सेवा शेवटच्या आठ उत्तरांतलं सर्वांत कमी विलंबाचं, म्हणजे जाऊन-येऊन सर्वांत कमी वेळ लागलेलं, उत्तर धरते. पण 64 सेकंदांच्या अंतराने आठ उत्तरं म्हणजे साडेआठ मिनिटं. तेवढ्यात जुनी चांगली उत्तरं बाहेर पडली आणि लॉगमध्ये आकडा उमटला: सर्व्हरच्या आणि आपल्या घड्याळातला फरक उणे 200 मिलिसेकंद, विलंब 418. घड्याळ मागे सरकू लागलं. दर सेकंदाला अर्धा मिलिसेकंद या गतीने 200 मिलिसेकंद मागे जायला 400 सेकंद लागतात, आणि शेवटी सेवा सांगत होती की सगळं जुळलेलं आहे.

कारण सूत्रातच आहे. फरक काढताना जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा मानलेला असतो. तो सारखा नसला तर चूक त्यातल्या तफावतीच्या निम्मी. एनटीएस एवढंच सिद्ध करतं की उत्तर कोणाचं आहे आणि ते वाटेत बदललेलं नाही. ते वाटेत किती वेळ अडवलं गेलं, हे कोणतीही किल्ली सांगू शकत नाही.

पण विलंबाचा आकडा लपवता येत नाही, आणि बचाव तिथेच आहे. सर्व्हर खरा असेल तर खरा फरक नेहमी ‘मोजलेला फरक अधिक-उणे निम्मा विलंब’ या पट्ट्यात असतो. इथे तो उणे 200, अधिक-उणे 209. म्हणजे शून्यही त्यात बसतं. घड्याळ चुकलंय याचा पुरावाच नव्हता! म्हणून आता सेवा एकटा आकडा कुठेच वापरत नाही, पट्टाच वापरते. दुसऱ्या वाटेने आलेल्या सर्व्हरचा पट्टा 0.4, अधिक-उणे 9 असेल, तर दोन्हींचा सामाईक भाग साधारण उणे 8.6 ते अधिक 9 एवढाच उरतो. संगणकशास्त्रज्ञ कीथ मार्झुलो यांनी 1980च्या दशकात मांडलेली हीच पद्धत एनटीपीतही सुधारून घेतलेली आहे.

आणखी एक नियम घातला. विलंब नेहमीच्या किमान विलंबाच्या तिपटीपलीकडे गेला आणि शून्य पट्ट्यात असेल, तर तासभर घड्याळ सरकवायचं नाही, इशारा द्यायचा. घड्याळ चालवणाऱ्या साध्या क्रिस्टलची चूक 20 पीपीएम (दहा लाखांत 20) धरली तरी तासाला 72 मिलिसेकंद होते, आणि तिची गती सेवेने आधीच शिकलेली असल्याने प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. रस्ता खरोखरच बदलला असेल तर तासाने नवा किमान विलंब मान्य होतो.

चारही सर्व्हर एकाच जोडणीमागे असतील तर मात्र यातलं काही उपयोगी नाही. चारही पट्टे सारखेच सरकतात आणि एकमेकांना दुजोरा देतात. म्हणून दुसरी जोडणी मोबाइलची घेतली. तिच्यात जाण्या-येण्याच्या वेळेत मुळातच तफावत असते, पट्टा रुंद येतो. घड्याळ तिच्यावर लावत नाही. मुख्य जोडणीचा पट्टा तिच्या पट्ट्याला कुठेच छेदत नसेल, तेव्हाच ती काही बोलते.